आधीच्याला काहीतरी दिसलं असणार

काकू, मेघावहिनी आणि जमलेल्या सगळ्यांनो,

उभी तर राहिले आहे. आवाज किती वेळ साथ देईल, सांगता येत नाही. मी अविनाशबद्दल बोलतेय आणि तो समोर बसून माझ्या चुका काढत नाहीये, याची मला सवय नाही. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

मी वैशाली. दर रविवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या एका क्लासच्या रिकाम्या खोलीत आम्ही काही जण जमायचो, फुकटच्या सॉफ्टवेअरवर काम करायला. ‘फुकटचं’ म्हटलेलं अविनाशला खपायचं नाही. “मुक्त म्हण, वैशाली.” म्हणते बाबा, मुक्त.

काकू, परवा तुम्ही मला विचारलंत, “ओझरच्या नोकरीवरून दमून यायचा आणि पुन्हा कॉम्प्युटरसमोर काय करत बसायचा गं माझा मुलगा?” तेव्हा मला रडूच फुटलं. आज सांगते.

वाचनालयांसाठी एक प्रोग्राम आहे. पुस्तकांच्या याद्या त्यात घातल्या की तो नंबर, नाव, लेखक वेगवेगळं काढतो. त्यासाठी नंबर कसा दिसतो, नाव कसं दिसतं, याचे नमुने आत लिहिलेले असतात. रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात त्यांना. कंस, तारे, टिंबं, तिरक्या रेघा. वहिनी म्हणायच्या, “ह्याच्या स्क्रीनवर नुसते ठिपके, रांगोळी काही दिसत नाही.” खरंच होतं ते. हे नमुने एका परदेशी माणसाने लिहिले होते. एक दिवस त्याची उत्तरं यायची बंद झाली. मागे राहिले ठिपके, समजावून सांगणारी एक ओळ नाही. ते काम अविनाशने अंगावर घेतलं. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

सुरुवातीलाच त्याने घोळ घातला. पुस्तकाचा नंबर ओळखणाऱ्या नमुन्यात अंकांबरोबर एक इंग्रजी अक्षर होतं, लहान लिपीतलं एल. नंबरात एल कशाला? चूक असणार. काढून टाकलं. थोड्याच दिवसांत मनमाडच्या एका वाचनालयातून शेखचाचांचा फोन. “साहेब, तुमच्या नव्या प्रोग्रामनं निम्मी पुस्तकं गिळली हो. कपाटात हायेत, कॉम्प्युटरात नाय.”

दुरुस्ती इथून पाठवता आली असती. पण हा रजा टाकून मनमाडला गेला. चाचांच्या शेजारी स्टुलावर बसला आणि त्यांना टाइप करताना बघत राहिला. चाचांची हयात इंग्रजी टाइपरायटरवर गेलेली. त्यांच्या जुन्या मशीनला एकचा आकडाच नव्हता, त्या जागी एल मारायचा, दिसायला सारखाच. कॉम्प्युटरवर आकडा होता, पण बोटं ऐकत नव्हती. ज्या नंबरात एक, ते पुस्तक गायब. त्या परदेशी माणसाने कुठेतरी असाच एखादा चाचा पाहिला होता.

परत आल्यावर अविनाश म्हणाला, “आधीच्याला काहीतरी दिसलं असणार, वैशाली. आपल्याला दिसत नाही म्हणून ते नसतं का?”

तेव्हापासून त्याची पद्धत ठरली. एकेक नमुना घ्यायचा. मला मोठ्याने मराठीत वाचून दाखवायचा. मला कळला तरच पुढे जायचं. मग नमुन्याच्या वर, जगात कुणालाही समजेल अशा सोप्या इंग्रजीत लिहायचं: हा काय पकडतो, काय सोडतो आणि कुणासाठी आहे. मी वैतागायचे. “अरे, चालतंय ना? मग कशाला?” तो म्हणायचा, “चालतंय तोवरच लिहायचं. नंतर कोण सांगणार?”

नंतर कोण सांगणार. हे वाक्य आता फार लागतं हो.

त्या एलच्या वर त्याने लिहिलंय, ‘ही मनमाडच्या शेखचाचांची बोटं. मी एकदा काढली होती. तुम्ही काढू नका.’ अविनाश गेल्याचं कळवलं तेव्हा परदेशांतून ईमेल आले. एकाने विचारलंय, मनमाड कुठे आहे, मला तिथे जायचंय. चाचा, तुम्ही आज पहिल्या गाडीने आलात. तुम्हाला हे सांगायचंच होतं.

आता काही जण म्हणताहेत, अविनाश नाही, तर हे जुनं सगळं टाकून द्या, नवं लिहा. त्यांचं अगदीच चूक नाही. पण मग चाचांसारख्यांची पुस्तकं पुन्हा गिळली जाणार. मी त्यांना कळवलंय, टाकायचं नाही. हे काम आता मी घेतलंय.

काल उघडून बसले. शेवटच्या एका नमुन्याशी येऊन थांबले. दवाखान्यात मला म्हणाला होता, “एक राहिलाय गं.” तोच हा. वर लिहिलंय, ‘हा कशासाठी आहे, मला कळलं नाही. कळेपर्यंत राहू द्या.’

मला राग आला त्याचा. अरे, मी एकटीने हे कुणाला वाचून दाखवू? विचारू कुणाला? आधीच्याला?

आता आधीचा तूच ना रे.

राहू देते, अविनाश. कळेपर्यंत राहू देते.

माझ्याच्याने पुढे बोलवत नाही. आपण सगळे थोडा वेळ शांत उभे राहू या.