मोजणाऱ्या बाईंची गणती

शिबेनिक-विद्यामंदिर-साम्राज्याच्या अधीश्वरी, वेळापत्रक-विधात्री, रजा-अर्ज-मर्दिनी, समारंभाच्या अध्यक्षा व आमच्या मुख्याध्यापिका माननीय दोब्रिलाबाई. व्यासपीठाच्या उजव्या टोकाला विराजमान, सकलवायु-विशारद, 'दोब्रा नादा' या काष्ठनौकेचे चक्रवर्ती कप्तान जेर्को. डाव्या टोकाला, म्हणजे कप्तान जेर्कोंपासून व्यासपीठ संपेल तितक्या अंतरावर विराजमान, 'लास्ता' नौकेचे तितकेच चक्रवर्ती कप्तान व्हित्स्को. घंटानाद-धुरंधर शिपाई फ्राने. सत्कारमूर्ती, इतिहासाच्या अध्यापिका पेरिनाबाई. आणि ज्यांची दृष्टी माझ्याकडे कमी व भिंतीलगतच्या तबकांकडे अधिक आहे असे रसिक श्रोतेहो,

मी या शाळेत लॅटिन शिकवतो. म्हणजे, जी भाषा कोणी बोलत नाही ती, जे ऐकत नाहीत त्यांना. त्यामुळे आजच्या सभेने मला बिचकण्याचे कारण नाही.

एकोणतीस वर्षे पेरिनाबाई दर वसंतात मुलांना नौकेतून आपल्या किनाऱ्यावरची जुनी नगरे दाखवत आल्या. त्यांपैकी बावीस वर्षे मी त्यांचा सहप्रवासी, अर्थात सामानवाहक. भिंतीवरच्या नकाशावर बाईंचा विश्वास नाही. ज्या पायरीवर इतिहास घडला त्याच पायरीवर तो शिकवायचा, आणि शिकवण्यापूर्वी मुले मोजायची. चढताना मोजायची, उतरताना मोजायची, आइस्क्रीमपूर्वी मोजायची आणि आइस्क्रीमनंतर विशेष मोजायची. एकोणतीस वर्षांत एकही मूल हरवले नाही. काही पालकांनी याबद्दल खासगीत हळहळही व्यक्त केली आहे.

यंदाचा प्रवास बाईंचा अखेरचा. म्हणून मी एक गुप्त कट रचला होता. कोर्चुलाच्या नगरद्वाराच्या पायऱ्यांवर सायंकाळी सहा वाजता बाईंचा शेवटचा पाठ व्हायचा होता. तेथे त्यांचे जुने विद्यार्थी आधीच येऊन बसणार होते. एकूण एकतीस. कोणी दुकान बंद करून, कोणी तान्हे मूल सासूकडे सोपवून. बाईंना यातले अक्षरही ठाऊक नव्हते. कट परिपूर्ण होता. त्यात उणीव एवढीच राहिली, की बाई नौकेवर नव्हत्या.

हे घडले कसे? वाटेतल्या ह्वार बेटाच्या बंदरात धक्का अपुरा, म्हणून नौका एकमेकींना बिलगून बांधतात. आमची 'दोब्रा नादा' सर्वांत बाहेरची. आपल्या घरी जायला शेजाऱ्यांच्या तीन ओसऱ्या ओलांडाव्यात, तसे तीन डेक ओलांडून आम्हाला आमच्या नौकेवर जावे लागे. त्या सकाळी बाई आमच्या लगतच्या 'लास्ता'वर छत्री उंच धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी पलीकडे जाणारी मुले मोजली. बेचाळीस.

"पूर्ण आहेत, सोडा!" बाई गरजल्या.

तेवढ्यात 'लास्ता'वरून सहलीला निघालेल्या झाग्रेब शहरातल्या मुलांपैकी एकीने विचारले, "बाई, ती समोरची मोठी कमान कसली हो?"

श्रोतेहो, मुलाचा प्रश्न अनुत्तरित ठेवून पेरिनाबाई कधी निघाल्या आहेत काय? त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि उत्तर आरंभिले. आमची नौका सुटली. मग 'लास्ता' सुटली, पण कोर्चुलाकडे नव्हे, नेमक्या विरुद्ध दिशेला, व्हिस बेटाकडे.

आम्हाला हे उमगायला एक तास लागला. मारे नावाची आमची एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, तासाभरात मला कोणी कठड्यावरून पाय काढ म्हटलं नाही. काहीतरी गडबड आहे."

बिनतारी यंत्र कप्तान जेर्कोंचे, परंतु ते त्याला हात लावेनात. कारण 'लास्ता'चे कप्तान व्हित्स्को त्यांचे सख्खे मेहुणे, आणि धक्क्यावरच्या एका जागेवरून उभयतांत अकरा वर्षे अबोला. मध्यस्थी माझ्याकडे आली.

"सर, त्या गाढवाला सांगा, आमच्या बाई परत आण म्हणावं."

पलीकडून आवाज आला, "सर, त्या खेचराला सांगा, मला ऐकू येतंय. आणि पोरं बाईंना सोडायला तयार नाहीत. बाईंच्या गोष्टीत व्हेनिसवाले आत्ताच चालून आलेत म्हणे, त्यांना घालवल्याशिवाय नाही."

मग खुद्द बाई बोलल्या. "काय आरडाओरडा आहे? मुलं मोजलीत ना?"

"मोजली, बाई. बेचाळीस आहेत."

"मग?"

"तुम्ही नाही आहात!"

मग एक बारीक आवाज आला, जो बावीस वर्षांत मी ऐकला नव्हता. "अगं बाई! मला मोजायचं राहिलंच."

दोन्ही नौका वळल्या. ह्वारच्या दक्षिण किनाऱ्याशी त्या समोरासमोर आल्या, पण दोर टाकायचा तर कोणीतरी बोलायला हवे. दोघे कप्तान आकाशाचे निरीक्षण करत उभे राहिले. माझ्या डोळ्यांपुढे कोर्चुलाच्या पायऱ्यांवर ताटकळणारे एकतीस जीव होते. शेवटी बाईच ओरडल्या, "व्हित्स्को! जेर्को! दोघांनाही उभं करीन कोपऱ्यात!"

"टाक दोर," एक म्हणाला.

"घे," दुसरा म्हणाला.

अकरा वर्षांनंतरचा हा संवाद. एकाने बाईंचा डावा हात धरला, दुसऱ्याने उजवा, आणि बाई पलीकडून अलीकडे आल्या. झाग्रेबची चाळीस मुले त्या वेळी काय जोराने ओरडत होती!

कोर्चुलाला आम्ही सहा वाजून वीस मिनिटांनी पोहोचलो. पायऱ्यांवरचे एकतीस उठून उभे राहिले. बाई थबकल्या. रडतील असे वाटले. पण त्यांनी बोट उचलले आणि मोजायला सुरुवात केली. एकोणतीस, तीस, एकतीस. तेव्हा पहिल्या वर्षीची एक विद्यार्थिनी, आता केस पांढरे झालेली, खाली आली, बाईंच्या खांद्यावर बोट टेकवून म्हणाली, "बत्तीस."

आणि मग मात्र त्या रडल्या.

बाई, यापुढे आम्ही कोठेही निघालो तरी मोजणी तुमच्यापासून सुरू होईल, एवढे वचन या सभेच्या साक्षीने देतो. आपण सर्वांनी माझे पाल्हाळ सोसलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे. उपाधींत कोणाची वाढली असेल वा कोणाची गळली असेल, तर उदार अंतःकरणाने क्षमा व्हावी.

जाता जाता एक क्षुल्लक निवेदन. बाईंचे दोन्ही हात दोन कप्तानांनी धरल्यामुळे छत्री 'लास्ता'वरच राहिली. ती छत्री माझी आहे. कप्तान व्हित्स्को म्हणतात, जेर्कोने मागितली तर देईन. कप्तान जेर्को म्हणतात, आधी कोण बोललं हे त्याने कबूल करावं. बाहेर दुपारपासून पाऊस लागला आहे, आणि मला घरी चालत जायचे आहे.