आठ जीबीतली तीन बिऱ्हाडं

— मंगळवार होता हो, साधा मंगळवार. टाकी भरली की मोबाइलवर निरोप येतो, तो आला नाही, म्हणून मी बायकोला, नीलिमाला फोन लावला — तुझा तो कॉम्प्युटरचा डबा परत अडकलाय, एवढं सांगायला — तर फोन तिच्या कॉलेजातल्या शिपाईबाईंनी उचलला. "साहेब, मॅडम वर्गात पडल्या, तुम्ही लगेच या." अंबरनाथला, हो. मी पोचेपर्यंत... असो. टाकी भरल्याचा निरोप संध्याकाळी आला, आम्ही दवाखान्यात असताना. — अहो अहो सुयोग, कीबोर्ड नका पुसू! असू दे धूळ. कौसाबाईंनाही सांगून ठेवलंय, घर सगळं पुसा, तिकडे फडकं नाही. स्क्रीन काळी दिसतेय ना, थांबा, मी उघडतो — शिफ्टनं. शिफ्ट दाबलं तर अक्षर उमटत नाही. हे मला कळेपर्यंत काळ्या स्क्रीनसमोरच बसायचो.

तर काय, तुम्ही उल्हासनगरहून एवढ्या उन्हात आलात, शलाकानं हा डबा दुरुस्त करायला पाठवलं म्हणून. आमची मुलगी, पुण्याला असते. रविवारी वर्षश्राद्ध, तिला आईचा एक फोटो मोठा करून हवाय, आणि फोटो उघडत नाहीत. सगळे यातच आहेत. बरोबर, मेमरी आठच जीबी, वाढवता येत नाही, माहितीय मला. एका डब्यात हिनं तीन मशिनी ठेवल्या, खऱ्या नव्हेत, सॉफ्टवेअरच्या — एक नंबर पाण्याची, दोन नंबर फोटोंची, तीन नंबर हिची स्वतःची, मोडतोड करून शिकायची. तिघींचे संसार वेगळे. आणि वर तो हायपरवायझर, मेमरीची वाटणी करणारा — तो आधी स्वतःचं ताट वाढून घेतो. मी म्हणायचो, हे आपल्या कात्रपच्या सोसायटीसारखंच — फ्लॅट बारा, आणि अध्यक्ष, सचिव, खजिनदार, वर ऑफिसला वेगळी खोली, त्यात पंखा चालू! हसायची नाही. म्हणायची, "पडली तर एकच पडावी, बाकीच्या चालू राहाव्यात, म्हणून असतो तो."

काय म्हणालात? तीन नंबर बंद करा, फोटोंना जागा होईल? अगदी बरोबर. तीही तेच म्हणत होती. बघा ना, शेवटची ओळ वाचा. तीन नंबर बंद कर — एवढीच कमांड आहे ना? त्या मंगळवारी सकाळी लिहिली, तेवढ्यात खाली रिक्षा आली. "आल्यावर करते," म्हणाली.

पुन्हा टाइप करता येईल? येईल की. तुम्ही कराल, मीही करीन. — फोटो काढून ठेवू? काढलाय. मोबाइलमध्ये आहे. त्यात ओळीपुढची ती रेघ लुकलुकत नाही.

हसू नका, पण मी कंपनीत मेंटेनन्सलाच होतो. मोटर गरम झाली की आधी मेन बंद, मग तोंड उघडा — मीच ओरडायचो सगळ्यांवर. आणि इथे शुक्रवारी लाइट जाते म्हणून इन्व्हर्टर घेतला. शेजारच्या श्रद्धावहिनी म्हणाल्या, बरं केलंत भावजी, पंखा तरी चालेल. पंखा त्याच्यावर नाहीच! पंखा लावला तर हा डबा रात्रभर टिकेल का, सांगा तुम्हीच. मी बसतो घाम पुसत.

शलाकाला काय सांगाल? सांगा, डबा जुना झालाय. नको — पोरगी दुसरा विकत घेऊन येईल. सांगा, बाबांनी ऐकलं नाही. रडेल थोडी. तिच्याकडे लग्नातला फोटो आहे, तोच लावू, हिचा चेहरा अर्धा हाराआड गेलाय, पण आहे.

चहा गार झाला तुमचा. दुसरा टाकू? बरं, निघा मग, येण्याजाण्याचं काय ते सांगा. जिन्यातला दिवा गेलाय, जपून उतरा — आणि टेबलाला धक्का नको, या बाजूनं या.

एंटर दाबायचं राहिलंय, एवढंच.