घरचा हाकारा

रुखमा : आपल्या पुनमचं लग्न झालं, त्या तेवीस सालच्या बैलायच्या शंकरपटाचाच इडिओ हाय ना रे हा? मंग दिसत काऊन नाई?

आयुष : तोच हाय, आई. पन बंद केला. गेमच्या कंपनीनं कळवलं, ह्यातला आवाज त्यायचा हाय म्हने.

रुखमा : त्यायचा? जोडी आपली, छकड्यावर तुये बाबा, हाकारा त्यायचा. कंपनी कुठी होती तवा पटावर?

आयुष : त्यायच्या गेममधी गाड्यायच्या जागी मी बैलं घातले होते ना? बैलं धावतात ते पटाची दान बी बनवली होती. त्यातच बाबाचा हाकारा टाकला.

रुखमा : मालूम हाय. आरमोरीपावेतोचे पोट्टे खेळत. मी बी आयकत होती, भाजी चिरता चिरता.

आयुष : ते कंपनीले पसंत पडलं. बनवनाऱ्याले बक्षीस देतो म्हने. तवा इचारलं, आवाज कोनाचा? म्या 'माझा' टाकलं.

रुखमा : तुया कसा?

आयुष : आज्याचा तोच, बाबाचा तोच, माया बी तोच. आपले बैलं दुसऱ्या हाकाऱ्यावर पाय तरी उचलतात का? मले वाटलं, घरचा म्हनजे माझाच.

रुखमा : अन् देऊन टाकला.

आयुष : कायमचा. आता नेटवर कुठी बी वाजला का त्यायचं यंत्र वळखते, अन् बंद करते.

रुखमा : मंग फोनातला लाव.

आयुष : बाबा पडले तवा तो फोन बी बोडीच्या पान्यात गेला. नेटवर होता तेवढाच होता.

रुखमा : बरं, गेमातला लाव.

आयुष : लावतो. पन चिडू नको.

(मोबाइलमधून हाकारा ऐकू येतो.)

रुखमा : हा कोन मेला? पिवळे केस, कानात बाळी, अन् तोंडात तुया बाप!

आयुष : त्यायनं नवा गाडीवान बसवला.

रुखमा : अन् बैलाले शिंगं म्हशीचे! बंद कर ते. वापस मांग.

आयुष : मांगतलं. म्हनतात, ज्याचा आवाज त्यानंच कॅमेऱ्यापुढं येऊन सांगावं. घरच्यायचं बी चालत नाई. म्हनून म्हन्तो, बाबाचा फेटा बांधतो, मिशी लावतो, अन् सांगतो, मीच सुकलू भोयर, आवाज माया, पोट्ट्यानं मले न इचारता देल्ला. हाकारा तर मले येतेच.

रुखमा : अन् मी?

आयुष : तू बाजूले बस. कुंकू लाव, अन् नुसती मान हालव.

रुखमा : कुंकू लावू?

आयुष : दोन मिनिटं, आई. खरं सांगतलं तर ते अर्जच बंद करतीन. मंग बाबाचा आवाज आपल्याले कधीच नाई भेटत.

रुखमा : लिही.

आयुष : आई, इचार कर...

रुखमा : लिही म्हनलं ना. सुकलू बापूराव भोयर. दोन हजार चोवीस साली, कार्तिक पुनवेच्या आदल्या दिवशी, बोडीच्या पाळीवर वारला.