एकादशीचं पातेलं

मंडळी, माझी बायको अनसूया गेली हे गावाला कसं कळलं, ठाऊक आहे? पहाटे झोपेतच गेली. बाहेर जाऊन कुणाला सांगावं, हे मला सुचलंच नाही. एकादशी होती — आणि देवळामागच्या चुलीवर तिचं पातेलं चढलं नाही. बाया विचारायला घरी आल्या, तेव्हा कळलं.

त्या पातेल्याचंच आज आख्यान! पण आधी सांगा — जुलाब थांबत नाहीत आणि नेमकी एकादशी! सांभाळायचं काय? व्रत की जीव? नुसत्या माना हलवू नका, ऐका!

आमच्या शेजारी बायजाआत्या. एकदा एकादशीला पहाटेपासून तिचं पोट वाहतंय — आणि बाई खातेय काय? साबुदाण्याची खिचडी! तुपात परतलेली, वर मूठभर दाण्याचं कूट! का? तर उपासाचं! पाणी मात्र बंद. "पिलं की जातंय, कशाला प्यायचं?" हसताय? तुम्हीही हेच करता!

दुपारी अनसूया तांदळाची पेज घेऊन गेली. पाहते तर आत्याचे डोळे खोल, जीभ कोरडी.

"भात? एकादशीला?" आत्या कडाडली. "कीर्तनकाराची बायको ना तू? ने परत!"

"आत्या, सकाळपासून लघवी झाली का?"

"काहीतरीच विचारतीस!"

"झाली का?"

"...नाही."

अनसूयानं मला हाक मारली, "जीप बोलवा. दवाखाना गाठायचा." आणि वाद न घालता चुलीपाशी गेली.

"आत्या, वरई चालते ना उपासाला?"

"चालते."

"सैंधव?"

"चालतं."

"जिरं?"

"चालतं गं, पण —"

"मग गप प्या!"

वरईची पातळ पेज, चिमूटभर सैंधव, भाजलेलं जिरं. जीपमध्येही चमच्या-चमच्याने पाजत राहिली. दवाखान्यात सलाईन लागलं. आत्या वाचली! घरी आल्यावर अनसूयानं दूध, तळण बंद केलं. ताजं पातळ ताक, डाळिंबाचे दाणे, मऊ भात दिला. वैद्य सांगतात ना — पोटातला अग्नी मंद झालाय, त्यावर ओली लाकडं टाकू नका!

तेव्हापासून दर एकादशीला देवळामागे तिच्या पातेल्यात वरईची पेज. ज्याचं पोट बिघडलं, त्यानं यावं, प्यावं. कुणी नाव विचारायचं नाही.

मंडळी, व्रतानं भात सोडायला सांगितलं. पाणी सोडायला कुणी सांगितलं? अक्कल सोडायला कुणी सांगितलं? आज एकादशीला निम्म्या मंडपानं खिचडी चेपलीय — बायजाआत्या, मान खाली घालू नका, पहिल्या रांगेतून दिसताय तुम्ही!

अनसूया गेल्यापासून पातेलं देवळामागे पालथं आहे. कुणीतरी आज वरईची पुडी आणून ठेवली. चूल अजून कुणी पेटवलेली नाही.