शामलाबाईंची दहा मिनिटं

सन्माननीय अध्यक्ष देवरावजी, व्यासपीठावरील अधिकारी मंडळी, रेव्हरंड साहेब, सत्कारमूर्ती शामलाबाई उजागरे आणि सभागृहातील बंधुभगिनींनो,

बाईंनी आपल्या गिरणीचा टेलिफोन बोर्ड सव्वीस वर्षं सांभाळला, हे सारे बोललेच. मी हेडक्लार्क. मी एक जुनी हकीकत सांगतो. गोड नाही, आधीच सांगून ठेवतो.

सदुसष्ट सालच्या संपात कचेरीतल्या बातम्या बाहेर फुटत होत्या. सगळे फोन कोणाच्या कानावरून जात? बाईंच्या. आणि चहाच्या सुटीत बाई रोज स्टेशनरीच्या खोलीत शिरून आतून कडी लावत. कशाला? एक दिवस मी दाराला कान लावला. शोभणारं नव्हतं, अध्यक्ष महाराज. आतून आवाज आला, "महादेवरावांचं काय करू, तूच सांग."

माझंच नाव! मी दार ठोठावलं. आत बाई एकट्याच.

"कोणाशी बोलून राहिल्या होत्या?"

"देवाशी, साहेब."

"गिरणीत?"

"मंग कुठं? घरी सासू अंथरुणावर, चार लेकरं. रविवारी तुम्ही ड्यूटी लावता, चर्च बुडते. दिवसभर कानाले फोन. हे दहा मिनिटं मी कोणालेच देत नाही."

"अन् माझं नाव काहून?"

"तुमचा लई राग येते मले. तो जावा म्हणून."

कोण विश्वास ठेवेल? मी नाही ठेवला. बाई गेल्यावर कपाटामागे चोरट्या फोनची तार शोधली, रद्दी उपसली. काही सापडलं नाही. तरी त्याच संध्याकाळी मोठ्या साहेबांकडे निनावी तक्रार गेली आणि बाईंची बदली सूतखात्यात झाली. तिथं यंत्रांच्या आवाजात स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. सुटीत तिथंही त्यांचे ओठ हलत. काय पुटपुटतात, म्हणून मी तिथंही माणूस ठेवला!

दोन वर्षांनी बातम्या फोडणारा दुसराच निघाला. बाई बोर्डावर परत आल्या. त्या नाताळात त्यांनी माझ्या घरी करंज्या पाठवल्या. यात काय डाव असेल, म्हणून मी हातही लावला नाही.

ती तक्रार मी लिहिली होती. आज पहिल्यांदाच सांगतो आहे.

बाई, मान काहून हलवता? माहीत होतं?

"मोठ्या साहेबांनी कागद दाखवला होता. अक्षर ओळखते मी तुमचं."

...करंज्यांच्या आधीपासून?

"हो."

मंडळी, मला पुढचं बोलणं जमणार नाही. संयोजकांनी बोलू दिलं, त्यांचे आभार. भाषणातलं उणंअधिक सभेनं पोटात घालावं. सदुसष्ट सालची माफी मात्र सभेकडे मागून भागणार नाही. ती मी, शामलाबाई, तुमच्याकडे मागतो.