पोटात नाही, पेशीत

नाही, तुम्हीच सांगा, वायरमन माणसाने पेशींच्या भानगडीत पडायचं काही कारण आहे का? फ्यूज उडाला, बदलला, मिटलं! पण माझे सासरे... अहो, उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवलं, निवृत्त झाले तरी मास्तरकी काही अंगातून गेली नाही. सासूबाई गेल्या आणि यांची अन्नावरची वासनाच उडाली. आमच्याकडे आणून ठेवलं, तर ताटासमोर बसायचे, ताटाकडे बघायचे आणि ताट सरकवायचे. काहीही पुढे करा, नन्नाचा पाढा! गालफडं बसली, पँट पट्ट्याच्या जिवावर उभी, आणि डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला तिचं रडणं बघवत नाही, तुम्हाला सांगतो, त्यापेक्षा शॉक बसलेला परवडला.

तर एका दुपारी त्यांच्यापुढे उकडलेला बटाटा ठेवला आणि आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "बाबा, खा थोडं. पोटात गेलं की लगेच शक्ती तयार होते." झालं! चष्म्यावरून असं बघितलं माझ्याकडे, जसं मागच्या बाकावरचं कार्टं सापडलंय.

"कुठे तयार होते?"

"पोटात."

"पोटात नाही, जावईबापू, पेशीत!"

आणि जे सुरू झाले म्हणता! बटाटा उचलला. हे पिष्ट. तोंडात याचं काय होतं? आणि दाखवायला म्हणून घास तोंडात! चावला की हो! चावत राहिलं की गोड लागतं, म्हणजे लाळेने साखर व्हायला लागली, आतड्यात गेलं की ग्लुकोज, मग ते रक्तात, रक्तातून पेशीच्या दारात... दर टप्प्याला एक घास. ग्लुकोज पेशीत शिरेपर्यंत अर्धा बटाटा संपला, आणि बायको दारात तोंड दाबून उभी. मी म्हटलं, थांबायचं नाही आता. विचारलं, मग पेशीत काय जाळ होतो?

जाळ झाला तर नाकातून धूर निघेल तुमच्या, म्हणाले! तिथे तंतुकणिका असतात, बारके बारके कारखाने, श्वासातला ऑक्सिजन लागतो तो तिथे, ग्लुकोज हळूहळू मोडतं, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ऊर्जा भरली जाते एटीपीत. तुमच्या धंद्यातलं सांगायचं तर चार्ज केलेली बॅटरी, वापरली की परत चार्जिंगला! खरं सांगू? मला झटक्यात कळलं. पण चेहरा असा कोरा ठेवला, की उरलेला बटाटाही गेला.

मग काय, रोजचंच सुरू. मी म्हणायचं, श्वास घेतो तो आतली हवा कोंदट होऊ नये म्हणून... वाटीभर भात! झोपलं की पेशींचा मेन स्विच बंद... पेलाभर दूध! आणि प्रत्येक चुकीला तेच, "पोटात नाही, जावईबापू, पेशीत!" गालांवर मांस आलं हो माणसाच्या.

आणि काल मी घोळ घातला. दिवसभर शिडीवर उभा राहून पाय भरून आलेले, जेवताना त्यांनी विचारलं, ऊर्जा शेवटी कशात भरली जाते? आणि मी सरळ म्हणालो, "एटीपीत."

पाठ थोपटली माझी! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा! माझी छाती अशी फुगली... आणि यांनी ताट सरकवलं. "झालं. आता तुम्हाला शिकवायचं काही उरलं नाही." उठले आणि खिडकीशी जाऊन बसले, पाठमोरे. बायको दबक्या आवाजात म्हणाली, "कुणी सांगितलं होतं हुशारी दाखवायला?"

गेलो जवळ. म्हटलं, "बाबा, पण ते एटीपी... साठतं पोटातच ना?"

चष्म्यावरून बघितलं माझ्याकडे. ओळखलं असेल हो, मास्तर आहेत ते. पण म्हणाले, "पालथ्या घड्यावर पाणी!" आणि आले परत ताटावर.

आता काय, सगळं तोंडपाठ असून जन्मभर नापास व्हायचं. बायको म्हणते, तुम्हाला काही ते जड जाणार नाही.