मल्लिनाथ सरांचं दुसरं पुस्तक

न्हाई हो बाई, राग कशाला येईल — किनवटाहून रेणापूरला तीन गाड्या बदलून आलात, ते बी सरांचं पुस्तक आवडलं न्हाई हे तोंडावर सांगायला — असं कोण येतंय? लोक फोनवर बोलतेत अन् ठेवून देतेत. बसा. सर आत हायेत, पण भेट न्हाई व्हायची, बरं न्हाई त्यांना. काय झालंय म्हणून काय सांगू — बरं न्हाई. मी त्यांची बायको, मलाच सांगा काय ते. बघू पुस्तक — अगं बाई, केवढ्या पेन्शिलीच्या खुणा! तुमच्या वसतिगृहातल्या पोरींनी केल्या? पहिलं पुस्तक, 'तापल्या मातीवर', रोज प्रार्थना झाली की एक पान वाचायच्या, अन् हे दुसरं, 'तापल्या मातीवरून पुढे', उघडलं तर त्यांनी चोरी पकडली — पहिल्यातली भाजीवाली ह्यात चहावाली झाली, तिचा लंगडा भाऊ तेवढा तसाच राहिला. हाव. हुशार हायेत पोरी. प्रकाशकाच्या बी ध्यानात न्हाई आलं ते.

सर थकले असतील म्हणता? — पहिलं लिहिलं तवा सर शाळेत शिपाई होते, बाई. दहावीचं इंग्रजी चारदा राहिलं, पाचव्यांदा निघाले तर वाटंत चप्पल तुटली, बापानं आपल्या वहाणा काढून दिल्या अन् पेपर सुटेस्तोवर फाटकाजवळ उन्हात अनवाणी उभा राहिला — तुमच्या पोरींना तोंडपाठ असंल. एवढीच गोष्ट होती त्यांच्याजवळ. मग भाषणं सुरू झाली — उदगीर, नायगाव, नांदेडचे क्लासवाले तर एका दिवसात तीन-तीन ठेवायचे. सहा वर्षं तीच गोष्ट. आधी सांगताना रडायचे, मग रडायची जागा ठरून गेली, घरी येऊन म्हणायचे, आज टाळ्या लवकर पडल्या. अन् दोन वर्षांमागं लातुरात, भरल्या हॉलमधी, मधीच थांबले. म्हणले, "माझा बाप खरंच अनवाणी उभा होता का? मला आठवंना गेलंय." लोकांना वाटलं भाषणातलंच हाय — काय टाळ्या पडल्या! मी पहिल्या रांगेत बसलेली, मी तेवढ्या न्हाई वाजवल्या. तवापासून हे असं. डॉक्टर दाखवून झाले, गोळ्या चालू हायेत. उठतेत, जेवतेत, पुन्हा निजतेत. कुणी आलं की भिंतीकडं तोंड करतेत.

मग हे कुणी लिहिलं? कुणी म्हणजे — आता — मी सातवी शिकलेली, बाई. त्यांच्या भाषणाच्या वह्या होत्या, पहिलं पुस्तक होतं, इकडचं तिकडं केलं. प्रकाशक मागं लागला होता ते खरं, पण त्याला न्हाई म्हणता आलं असतं. मला वाटलं, छापून आलं की हे चवताळून उठतील — माझ्या नावावर काय कचरा लिहिलास म्हणून वरडतील, पुस्तक फेकतील माझ्या अंगावर, अन् सोताच लिहायला बसतील. कोरी वही अन् पेन उशाला ठेवून दिला होता मी. दोन दिवस वाचत होते. मी सैपाकघरात कान लावून — भाकरी दोनदा करपली. वाचून झालं, मिटलं, मला हाक मारली. मी गेले धावत. म्हणले, "चांगलं हाय." बस. अन् वळले भिंतीकडं.

पोरींना सांगा, त्यांचं बरोबर हाय. न्हाई — थांबा, मी लिहिलं हे नका सांगू. सर थकलेत म्हणा — ते बी नको. सर गावाला गेले होते, भेट झाली न्हाई म्हणा. काय? आत जाऊन दोन शब्द बोलू का म्हणता? लई जण बोलून गेले, बाई. अन् बोलतेत काय — ह्यांचीच वाक्यं, पहिल्या पुस्तकातली, ह्यांनाच ऐकवतेत. हे ऐकून घेतेत, 'हाव' म्हणतेत. तुमी बी तेच बोलणार. दुसरं काय हाय आपल्याजवळ?

निघा आता. तीनची बस हाय लातूरची, ती चुकली की पुढल्या गाड्या न्हाई मिळायच्या तुमाला. अन् हे पुस्तक हितं नका ठेवू — न्या संगं.